वर्ष पाळणाऱ्या घरातला नाताळ

सासूबाई वैशाखात गेल्या, त्यामुळे त्या वर्षी आमच्या घरात एकही सण झाला नाही. बेंदूर नाही, गणपती नाही, दसरा नाही, दिवाळी नाही. आमच्याकडे याला वर्ष पाळणं म्हणतात. घरातलं माणूस गेलं की वर्षश्राद्ध होईपर्यंत दाराला तोरण बांधायचं नाही, आकाशकंदील लावायचा नाही, आणि मुख्य म्हणजे सणासाठी कढई चढवायची नाही. दिवाळीला भावकीतून फराळाची ताटं येतात, ती घ्यायची, खायची. पण आपल्या घरात तळणाचा वास येता कामा नये. तो वास भिंतीपलीकडे जातो आणि मग लोक बोलतात.

लोक बोलतात याची मला फार भीती होती. आमचं घर उचगावात, भावकीच्याच गल्लीत. समोर थोरल्या आत्ती राहतात, म्हणजे सासूबाईंच्या थोरल्या चुलत जाऊबाई. सत्तरी कधीच ओलांडलेली, पण गल्लीत कुणाच्या घरी किती वाजता दिवा लागला हे त्यांना विचारावं. आणि जे दिसलं ते त्या तोंडावर बोलणार, तेही गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात.

माझं आणि सासूबाईंचं पटत नव्हतं, हेही सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. लग्नाला दहा वर्षं झाली, त्यातली नऊ आम्ही भांडलो. मी घासलेली भांडी त्या पुन्हा घासायच्या. मी गोधड्यांच्या घड्या घातल्या की त्या उलगडून स्वतःच्या पद्धतीनं घालायच्या. मी कागलच्या शाळेत विज्ञान शिकवते. सकाळी गाडीला किक मारून निघाले की त्या म्हशीला ऐकवायच्या, "बाईसायेब निघाल्या." एक मात्र कबूल केलं पाहिजे. माझी दोन्ही मुलं त्यांनीच वाढवली. धाकटी तर तीन महिन्यांची असल्यापासून त्यांच्या कुशीत झोपायची. माझ्यापेक्षा तिला त्यांचा वास जास्त ओळखीचा होता, आणि याचाही मला राग यायचा.

त्या गेल्यावर गल्ली काय म्हणेल हे मला न ऐकता ऐकू येत होतं. सून सुटली. हे दोन शब्द कुणाच्या तोंडून येऊ नयेत म्हणून मी वर्ष असं कडक पाळायला लागले की सासूबाईंनी स्वतःही त्यांच्या सासूचं तेवढं पाळलं नसेल. दिवाळीत आबा, म्हणजे माझे सासरे, स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "पोरास्नी चार करंज्या तळ की. कोण इचारतंय?"

"नाही आबा. वर्ष आहे," मी म्हणाले.

ज्यांची बायको गेली त्या माणसाला मी वर्ष शिकवत होते. आबा म्हशीला वैरण टाकायला गेले.

मुलांसाठी माझ्याकडे एकच उत्तर होतं. कंदील कधी लावायचा? वर्ष संपलं की. फटाके? वर्ष संपलं की. थोरला तेव्हा तिसरीत होता, आठ वर्षांचा. त्याला अंगणात किल्ला करायचा होता. किल्ला सणात धरायचा की मातीकामात, यावर आम्ही नवरा-बायकोनं दोन दिवस घालवले आणि शेवटी तोही वर्ष संपलं की, असं ठरलं. त्यानं आदळआपट केली. तीन दिवस माझ्याशी बोलला नाही.

धाकटी मात्र शहाणी. साडेचार वर्षांची पोर, पण एकदाही हट्ट केला नाही. तिनं मला फक्त एकदा विचारलं होतं, "वर्ष आज्जीसाठी पाळायचं ना?" मी भाकरी थापत होते. "हो, आज्जीसाठी," म्हणाले. त्यानंतर तिनं काही मागितलं नाही. भाऊबीजेला शेजारच्या घरात कुणीतरी तिच्या हातात फुलबाजी द्यायला गेलं, तर तिनं दोन्ही हात पाठीमागे नेले आणि म्हणाली, "आमचं वर्ष हाय." बायकांनी तोंडात बोटं घातली. "काय वळण लावलंय पोरीला!" मला ते इतकं आवडलं की मी दुसऱ्या आठवड्यात शाळेत सगळ्या बाईंना सांगत फिरले.

डिसेंबर आला. मुलांच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत कार्डशीटच्या चांदण्या कापणं सुरू झालं, लाल टोप्या आणायच्या चिठ्ठ्या घरी आल्या. एका रविवारी जेवताना थोरल्यानं विचारलं, "मम्मी, नाताळ आपला सण आहे का?"

"नाही."

"मग त्याला वर्ष लागतं का?"

मी घास तसाच हातात धरून बसले. वर्गात पोरं प्रश्न विचारतात तेव्हा मी असं बसत नाही. नवरा ताटात बघून हसायला लागला. तो फौंड्रीत शिफ्ट बघतो, घरातल्या कुठल्याही पेचात पडायची त्याला सवय नाही. शेवटी मी आबांकडे बघितलं. ते नाही म्हणतील आणि विषय मिटेल, अशी माझी खात्री होती.

आबांनी पाणी प्यायलं, तांब्या खाली ठेवला आणि पंच निवाडा देतात तशा आवाजात म्हणाले, "आपल्या सणाला आपलं वरीस. दुसऱ्याच्या सणाला आपलं वरीस कसं लागंल? करू दे की पोरास्नी."

थोरला उठून नाचायलाच लागला. धाकटी आजोबांकडे बघत राहिली. तिच्या पानातली भाकरी तशीच राहिली होती, एवढं माझ्या लक्षात आलं, पण त्यात विशेष काही वाटलं नाही.

शाळेत आमच्याबरोबर एक ख्रिस्ती बाई आहेत. दर नाताळाला त्यांच्या घरून करंज्या, चकल्या, लाडू असा फराळ स्टाफरूममध्ये येतो. त्यांना मी हळूच विचारलं, की नाताळाला घरी काय काय करायचं असतं. त्या म्हणाल्या, "आमच्यात तर आठ दिवस कढई खाली उतरत नाही." मी वर्षाचं सांगितलं. त्यांना लगेच समजलं. त्यांची माणसं इथलीच, हे सगळं त्यांनीही बघितलेलं. थोडा विचार करून म्हणाल्या, "मग केक करा. केक कुठं तळतात?" आणि कुकरमध्ये केक कसा करायचा ते त्यांनी मला वहीच्या मागच्या पानावर लिहून दिलं. शिट्टी आणि रिंग काढायची, तळाला मीठ पसरायचं, वर डबा ठेवायचा, मंद आच. कढई नाही, तेलाचा वास नाही. मला फार सुटल्यासारखं वाटलं.

तरी मी अट घातलीच. जे काही करायचं ते मधल्या खोलीत. दारात काही लावायचं नाही, गल्लीत सांगायचं नाही, आणि खिडकीचा पडदा ओढून घ्यायचा. नवरा म्हणाला, "नाताळ करायलीस का जुगाराचा अड्डा काढायलीस?" मी त्याला दोन शब्द सुनावले.

आबा शेतातून येताना वैरणीच्या भाऱ्याबरोबर सुरूची एक चांगली पुरुषभर उंच फांदी घेऊन आले. बांधावर सुरूची तीन झाडं आहेत, सासूबाईंनीच लावलेली. ती फांदी घमेल्यात माती घालून उभी केली, कलू नये म्हणून दोन विटा लावल्या. थोरल्यानं बाटल्यांच्या बुचांना चांदीचा कागद गुंडाळला. मी माझ्या जुन्या बांगड्या दिल्या, कापूस पिंजून दिला. आबा पलंगावर बसून, हिकडं लाव, तिकडं लाव, असं सांगत होते. आठ महिन्यांत मी त्यांना इतकं बोलताना ऐकलं नव्हतं.

धाकटी उंबऱ्यावर बसून राहिली. "ये की, कापूस लाव," म्हटलं तर "मला नको." कपाळाला हात लावून बघितला, ताप नव्हता. दादाला सगळे बघतायत म्हणून रुसली असेल, असं मला वाटलं. तिच्यासाठी बांगड्या बाजूला काढून ठेवल्या. तिनं त्यांना हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर झाड उघडं, शेजारी स्टूल ओढून आणलेलं. कापूस एका बाजूला, बुचं एका बाजूला, बांगड्या एकात एक घालून ठेवलेल्या. एकही वस्तू फेकलेली नाही, मोडलेली नाही. थोरल्यानं असा गळा काढला की म्हैस उठून उभी राहिली. धाकटी तिथंच उभी होती, हात मागं बांधून. "तू केलंस?" म्हटलं तर मान हलवून हो म्हणाली. "का?" यावर काही नाही. मला शाळेला उशीर होत होता, भाजी लागायला आली होती, मी तिच्या पाठीत एक धपाटा घातला. ती रडली नाही. मला ते जास्तच उर्मट वाटलं. आज तो धपाटा आठवला की माझा मलाच राग येतो.

झाड पुन्हा सजवलं. थोरला त्याच्याजवळ राखणीला बसायला लागला, शाळेतून आला की दप्तर घेऊन तिथंच. धाकटीला त्या खोलीत यायची बंदी झाली. तिनं ती बंदी मुकाट्यानं मानली, स्वयंपाकघरात माझ्या पायात घुटमळत राहिली. नाताळाच्या आदल्या दिवशी सकाळी मी केक करून ठेवला आणि शाळेला गेले. पहिलाच केक, मधोमध थोडा खचला होता, पण वास चांगला सुटला होता.

त्या दिवशी शाळा लवकर सुटली. साडेतीनला गल्लीच्या तोंडाशी गाडी वळवली आणि लांबूनच दिसलं. आमच्या दाराच्या वर, जिथं दरवर्षी आकाशकंदील लागतो त्या खिळ्याला, लाल कार्डशीटची मोठी चांदणी लटकत होती. खाली चंदेरी शेपट्या. वाऱ्यावर त्या अशा सळसळत होत्या की आंधळ्यालाही कळावं. दारात स्टूल, स्टुलावर आबा, खाली थोरला टाळ्या वाजवत होता.

मी गाडी स्टँडला लावायचीही विसरले, भिंतीला टेकवली. "आबा, ती आधी उतरवा."

"असू दे की. पोरानं शाळेत केलीया. आत कोण बघणार?"

"म्हणूनच आत लावायची होती!"

आमचं हे चाललं होतं आणि समोरचं दार वाजलं. थोरल्या आत्ती पदर खोचत गल्ली ओलांडून आल्या. त्यांनी आधी चांदणीकडे बघितलं, मग स्टुलावरच्या आबांकडे.

"व्हय भावजी, वरीस कवा झालं? मला कसं कळलं न्हाय?"

"वरीस कुठलं वयनी. पोरांचा नाताळ हाय," आबा स्टुलावरून उतरत म्हणाले.

"नाताळ? लावलाय तर कंदीलच की." त्या माझ्याकडे वळल्या. "आन तू गं? दिवाळीला पोरांच्या तोंडात घरची करंजी पडू दिली न्हाईस. आता काय झालं? सासू जाऊन आठ म्हैनं..."

मला पुढचं वाक्य माहीत होतं. आठ महिने मी त्या वाक्याच्या वाटेत आडवी उभी होते.  आणि तेवढ्यात धाकटी आतून धावत आली, माझ्या आणि थोरल्या आत्तींच्या मध्ये उभी राहिली, आणि आम्हा सगळ्यांवर ओरडली.

"मी नको म्हणत होते! मी सगळं पाळलं! तुम्ही मोडलं, आता आज्जी यायची नाही!"

कुणाला काही समजलं नाही. थोरल्या आत्तींनी विचारलं, "कुठनं यायची, बाळ?"

"वर्ष संपलं की येणार होती. मम्मी म्हणाली."

मी असं कधीच म्हटलं नव्हतं. आणि दुसरं काही म्हटलंही नव्हतं. कंदील वर्ष संपलं की, फटाके वर्ष संपलं की, किल्ला वर्ष संपलं की. जे जे त्या वर्षी घरातून गेलं होतं ते सगळं वर्ष संपलं की परत येणार, असं मी तिला आठ महिने सांगत होते. त्यात आज्जी येणार नाही हे तिला कुणी सांगितलं होतं? पाळायचं कुणासाठी, तर आज्जीसाठी. तिनं साधा हिशेब केला होता. नीट पाळलं तर आज्जी येईल, मोडलं तर येणार नाही. म्हणून फुलबाजीला हात लावला नाही. म्हणून आम्ही सगळे झोपेत असताना एकटीनं उठून झाड उतरवलं, आणि काहीही मोडलं तर आज्जी यायची नाही, या भीतीनं एक बांगडीही मोडू दिली नाही. आणि मी तिचं कौतुक सांगत फिरले होते.

मी खाली वाकले. "अगं बाळा, आज्जी देवाघरी गेली ना," असं म्हणाले आणि तिथंच अडकले. कुणाच्या घरी गेलेलं माणूस परत येतं. आम्ही सगळ्यांनी तिला तेवढंच सांगितलं होतं. देवाघरी गेली, चांदणी झाली, वरून बघते. वर्गात मी मुलांना बेडकाचं जीवनचक्र फळ्यावर काढून शिकवते. स्वतःच्या मुलीला एक शब्द सांगायला माझी जीभ उचलेना. आबांनी भिंतीकडे तोंड केलं होतं.

थोरल्या आत्ती पायरीवर बसल्या. गुडघ्यांमुळे त्यांना खाली बसायला वेळ लागतो, तो त्यांनी घेतला. मग धाकटीचा दंड धरून तिला समोर उभं केलं.

"हिकडं बघ माझ्याकडं. तुझी आज्जी मेली. मेलेलं माणूस येत न्हाय. कंदील लावला म्हणून न्हाय येत असं न्हाय, आन न लावता ऱ्हायलं म्हणून बी येत न्हाय. तू काय बी मोडलं न्हाईस. समजलं?"

मला त्यांचं तोंड धरावंसं वाटलं. एवढ्या लहान पोरीला असं सांगतात का? पण धाकटी माझ्याकडे बघतच नव्हती. ती त्यांच्याकडे बघत होती, नीट कान देऊन.

"मग वर्ष कशाला पाळायचं?"

थोरल्या आत्तींनी माझ्याकडे एकदा बघितलं. त्या बघण्यात बोलणी नव्हती.

"ते आमी आमच्यासाठी पाळतो. माणूस गेलं की आमाला गोड लागत न्हाय म्हणून. तुला गोड लागत असलं तर तू खा. आज्जीला राग येत न्हाय."

मग ती रडली. आठ महिन्यांचं सगळं एकदम. थोरल्या आत्तींनी तिला मांडीत ओढलं आणि गप गप असं एकदाही म्हणाल्या नाहीत. तिच्या पाठीवर हात फिरवत गल्लीकडे बघत बसल्या. दोन बायका चौकशीला आल्या, त्यांना हातानंच परत पाठवलं. मी चौकटीला धरून उभी होते. मयताच्या दिवशी मला रडू आलं नव्हतं. आलेल्या पावण्यांना चहा करण्यात दिवस गेला होता, आणि नंतर मी नियम पाळत राहिले. आता मात्र मी चौकट सोडली. मी पायरीवर त्यांच्या शेजारी बसले आणि पोरीसारखीच मोठ्यानं रडले. मला सासूबाई हव्या होत्या. आत येऊन माझा खचलेला केक बघून नाक मुरडायला, कुकर पुन्हा घासायला हव्या होत्या.

"रड," थोरल्या आत्ती म्हणाल्या. "लई उशीर केलास."

जाताना त्या चांदणीखाली थांबल्या. थोरला घाबरून स्टुलामागे उभा होता. "वाकडी हाय ती. सरळ कर," त्याला म्हणाल्या आणि गेल्या.

नाताळाच्या सकाळी, आम्ही रात्री मुलांच्या उशाशी भरून ठेवलेल्या मोज्यांतून भेटवस्तू निघाल्या, थोरल्याला रंगपेटी, धाकटीला लाकडी भिंगरी. तिनं भिंगरी घेतली पण फिरवली नाही. मी केकचे तुकडे करून मधल्या खोलीत आणले, पडदे उघडले. एक तुकडा बशीत घालून तिच्यापुढे ठेवला आणि बसले.

"आज्जी कधीच येणार नाही?"

"नाही. कधीच नाही."

 तिनं झाडाकडे बघितलं, आजोबांकडे बघितलं.

"पुढच्या वर्षी पण नाही?"

"पुढच्या वर्षी पण नाही."

तिनं पुन्हा विचारलं, अगदी त्याच शब्दांत, आणि मी पुन्हा तेच सांगितलं.  मग तिनं बशी जवळ ओढली आणि खायला लागली.